बसलेली कमान

कोजागिरी होऊन गेली होती, हलके धान कापणीला आले होते, आणि मी अंगणात पिकअपखाली उताणा पडून टेपने माप घेत होतो. मागच्या एक्सलच्या वर चेसिसला एक रबरी ठोकळा असतो. गाडी खड्ड्यात आदळली की एक्सल त्या ठोकळ्यावर टेकतो, लोखंडाला लोखंड लागत नाही. त्या दोघांमधली फट मला मोजायची होती. उजवीकडे दीड इंच भरली. डावीकडे दोन बोटेही नीट शिरेनात. माय ओसरीवर सूप घेऊन बसली होती. तिने विचारले, "काय झालं तिले?"

"बसली," मी म्हणालो.

कमान तुटली तर आवाज होतो, माणूस थांबतो. कमान बसते ती गुपचूप. रोजच्या ओझ्याने पाटे थोडे थोडे सरळ होत जातात, आणि गाडी इतकी हळू खाली येते की रोज तिच्यात चढणाऱ्याला पत्ताच लागत नाही. माझी पिकअप 2005 सालची, मागची दोनच चाके ओढणारी, साधी. आधीच्या मालकाने तिच्यात रेती वाहिली. मी गेली नऊ वर्षे तिच्या हौद्यात धान भरडायचे यंत्र बांधून फिरतो आहे. डिझेल इंजिन, हलर, पट्टा, चाळणी आणि वर दोन-चार पोती. रिकामी अशी ती तोवर कधी उभी राहिलेलीच नव्हती.

दिवाळीनंतर मी मूलहून निघतो, व्याहाडच्या पुढे वैनगंगा ओलांडतो, आणि गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत भामरागडच्या वाटेवरच्या टोल्यांवर जातो. डांबरी रस्ता सोडून पाच-सात किलोमीटर आत. मी जातो त्या टोल्यांवर बायका अजून मुसळाने धान कांडतात, नाहीतर डोक्यावर पोते घेऊन गिरणीच्या गावापर्यंत चालत जातात. झाडाखाली गाडी लावायची, पट्टा चढवायचा, आणि दिवसभर भरडाई. कुणाजवळ पैसे नसले तर मी कोंडा ठेवून घेतो. पहिली मूठ बाहेर आली की एखादी म्हातारी ती तळहातावर पसरते, फुंकर मारून कोंडा उडवते, अंगठ्याने दाणे सारून कनकी किती पडली ते बघते, आणि मगच मान हलवते. ती मान हलेपर्यंत मी इंजिनचा वेग वाढवत नाही.

त्या आतल्या वाटांना खऱ्या चाकोऱ्या असतात. हा शब्द आपण आयुष्याबद्दल बोलताना इतका वापरतो की चाकोरी म्हणजे काय तेच विसरतो. पावसाळ्यात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर चिखल तुडवत जातात, दोन खोल चऱ्या पडतात, मध्ये वरंबा राहतो, आणि मार्गशीर्षापर्यंत तो वाळून विटेसारखा कडक होतो. जागोजागी नाले आडवे येतात. नाल्यात उतरणे सोपे. वर चढताना गाडीचे नाक आभाळाकडे जाते आणि मागचे टोक, त्याखाली टांगलेली स्टेपनी, काठाच्या मातीत रुतते. गेल्या माघात अशाच एका नाल्यात स्टेपनीचा कंस उपटून आला. त्या दिवशी पलीकडच्या टोल्यावरच्या बायका धान घेऊन वाट बघत होत्या आणि मी अलीकडून परत फिरलो. गाडी उचलून घ्यायची हे तेव्हाच ठरवले.

चंद्रपुरात हल्ली पोरे पिकअप उचलून घेतात, मोठे टायर, वर दिव्यांची रांग. एका गॅरेजमध्ये मला सांगितले, "गुटके टाकून देतो भाऊ, चार इंच. संध्याकाळी घेऊन जा." गुटका म्हणजे कमान आणि एक्सल यांच्या मध्ये सरकवायचा लोखंडी ठोकळा, त्याला लांब यू-बोल्ट. खर्च सगळ्यात कमी. दुसरा स्वस्त उपाय शॅकल लांब करण्याचा. त्यात शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी एकच इंच उचलते, कारण कमानीचे एकच टोक खाली ढकलले जाते. मोठे टायर हा तिसरा, महाग आणि इंजिनला जड. मी तिन्हींचा विचार केला. गुटक्याने एक्सल कमानीपासून दूर जातो. जोर लावला की तो पीळ खातो आणि कमानीला मुरगाळतो. माझ्या हौद्यात यंत्र. ते चार इंच वर गेले की आडव्या उतारावर गाडी कलंडायची भीती तेवढी वाढली. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 चा, त्याचे कलम 52 सांगते की बनवणाऱ्याने ठरवलेल्या मापापेक्षा वेगळी गाडी मनाने करायची नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले. कायदा टाळायची वाट शोधणारे खूप भेटतात. मला तो इथे पटतो. उतारावर गाडी उलटली तर मी एकटा मरत नाही, मागे हौद्याला लोंबकळलेले पोरही असू शकते.

मी त्या गॅरेजवाल्याला म्हणालो, "मला उंची वाढवायची नाही. तिची होती ती परत पाहिजे." आणि बोलल्यावर माझ्या लक्षात आले की हे वाक्य बाबांचे आहे.

बाबा गुरुदेव सेवा मंडळाचे. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना त्यांनी कधी चुकवली नाही, आणि प्रार्थना झाली की कंदिलापाशी विवेकसिंधू उघडायचे. मुकुंदराजांचा हा ग्रंथ शके 1110 मधला, म्हणजे 1188 सालचा मानतात. मराठवाड्यातले लोक म्हणतात तो अंबाजोगाईला झाला. आमच्याकडे म्हणतात तो वैनगंगेच्या काठी, अंभोऱ्याला झाला. या बाबतीत बाबा कुणाचे ऐकून घेत नसत; आपल्याच नदीच्या पाण्याजवळ मराठी वेदान्त पहिल्यांदा लिहिला गेला, याचा त्यांना आपल्या शेतासारखा अभिमान होता. त्यांचे सांगणे असे की मोक्ष ही मिळवायची वस्तू नव्हे. तो आहेच, झाकलेला आहे. अद्वैतात याला प्राप्ताची प्राप्ती म्हणतात, जे जवळ आहे तेच मिळणे.

हे समजावायला ते दहाव्याची गोष्ट सांगत. वेदान्तातली जुनीच आहे, पण बाबा ती आमच्या नाल्याकाठी आणून ठेवत. दहा जण पूर आलेली नदी पोहून पार करतात. पलीकडे आल्यावर सगळे आले का म्हणून एकजण मोजतो. नऊच भरतात. दुसरा मोजतो, नऊच. प्रत्येकजण स्वतःला सोडून मोजतो आहे. दहावा वाहून गेला म्हणून सगळे ऊर बडवून रडायला लागतात. एक वाटसरू येतो, सगळे बघतो, आणि मोजणाऱ्याच्या छातीवर बोट ठेवून म्हणतो, दहावा तूच आहेस. "सांग," बाबा विचारत, "दहावा नव्यानं जन्मला का? परत आला का? होताच ना?"

माय महानुभावांची लेक, माहेर रिद्धपूरकडचे. लग्न होऊन प्रार्थनेच्या घरात आली, पण तिचा पंथ तिने सोडला नाही. कुणी भेटले की दंडवत प्रणाम, आणि गावदेवीच्या जत्रेत नारळ फोडायला ती कधी गेली नाही. तिच्या पंथात चार पदार्थ मानतात: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. चारही अनादि आणि चारही वेगळे. जीव परमेश्वर होत नाही. अनादि अविद्येने बांधलेला जीव आपल्या जोरावर सुटत नाही आणि देवताही त्याला सोडवू शकत नाहीत. परमेश्वर अवतार घेऊन येतो, ज्ञान देतो, तेव्हाच त्याची गाठ सुटते. चक्रधरस्वामींनी हे आपल्या मराठीत सांगितले, म्हणून आजीला कळले आणि आजीकडून मायला.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. बाबांची गोष्ट संपली आणि चुलीपाशी बसलेली माय म्हणाली, "आन् तो वाटसरू त्या वाटेनं आलाच नसता तर?"

"पण आला ना," बाबा म्हणाले.

"आला. त्या दहा जणाइतून नाही आला. बाहेरून आला."

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग ग्रंथाला फडके गुंडाळून ठेवून दिले. पुढे चाळीस वर्षे हा वाद आमच्या घरात चालला, कधी हसत, कधी रुसत, आणि बाबा गेले तेव्हाही तो मिटलेला नव्हता. मला दोघेही खरे वाटत. आता वाटते, मी गाडीला गुटके न टाकता कमान वळवून घ्यायला गेलो, त्यात थोडा हात त्या वादाचा होता. मला बघायचे होते की गेलेली उंची परत कशी येते.

चंद्रपूरच्या कमानीवाल्याकडे दुपारी गाडी लावली. साठीचा माणूस, दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग. यू-बोल्टचे नट गंजून एकजीव झाले होते, ते गॅसने कापावे लागले. "हे परत लावायचे नाही," तो म्हणाला, "एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा भरवशाचा नसते." कमान उतरवून त्याने चिमट्यात धरली, सेंटर बोल्ट काढला, पाटे एकेक करून जमिनीवर मांडले. चौथा पाटा बोल्टच्या भोकाशी आरपार तुटलेला होता. पट्टीने आवळलेला, म्हणून बाहेरून अखंड दिसत होता. कधीपासून तुटला होता देव जाणे. बाकीचे पाटे त्याचे ओझे मुकाट्याने वाटून घेत होते आणि त्यातच बसत चालले होते.

त्याच मापाच्या नव्या पाट्यावरून त्याने फरशीवर खडूने कमानीची रेघ ओढली. भट्टी पेटवली, वारा सुरू केला. पाटा लाल झाला की बाहेर काढायचा, साच्यावर दाबून खडूच्या रेघेला लावून बघायचा, परत आत, परत बाहेर. रेघेला रेघ मिळाली की लालबुंद असतानाच तेलात. तेल भडकून वास आणि धूर उठतो, दोन क्षण काही दिसत नाही. एवढ्यावर थांबत नाही तो. तेलातून काढलेला पाटा कडक असतो खरा, पण काचेसारखा. आदळला की तडकेल. म्हणून पुन्हा हलक्या आचेवर फिरवायचा, म्हणजे त्याला थोडी नरमाई येते आणि तो वाकून परत उभा राहू शकतो. "गार पाट्यावर घन मारून बी उचलून देतेत," तो म्हणाला, "स्वस्त पडते. पन होळीपर्यंत पुन्हा बसते. आग लागतेच जी."

मला राहवले नाही. मी त्याला बाबांचे आणि मायचे सगळे सांगितले. म्हणालो, तुम्हीच सांगा, ही उंची पाट्याची स्वतःची होती का तुम्ही दिली?

तो खडूच्या रेघेकडे बघत होता. म्हणाला, "स्वतःची म्हणजे? कारखान्यात हा पाटा सरळ पट्टी होता, भाऊ. सपाट. तिथंबी कोनी तरी तापवला, वाकवला, तेव्हा कमान झाली. तुमी जिले मूळची उंची म्हणता, ते बी कोनाचं तरी कामच हाय."

मग भात्याचा वारा कमी करत सांगू लागला. 16 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि इथेही धम्मदीक्षा झाली. त्याचे वडील त्या गर्दीत उभे होते. घरी त्यांनी मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली की कोणतीही वस्तू आपल्या आपण नसते. कारणे जुळतात तोवर असते, कारणे सुटली की राहत नाही. लोखंड, आग, तेल, हात, ओझे, रस्ता. यातले एक बदलले की उंची बदलली. "आत्मा म्हणून आत काही लपवून ठेवलेलं नाही," तो म्हणाला, "आन् बाहेरून बी कोनी आभाळातून टाकत नाही. हे असं, हातानं."

मी त्याच्या दुकानातल्या पत्र्याच्या खुर्चीवर बसून राहिलो. जो वाद मी आयुष्यभर दोघांतला समजत होतो, तो तिघांतला होता, आणि तिसऱ्याने दोघांच्या पायाखालची जमीनच मोजायला घेतली होती. बाबा म्हणत, ते तुझ्यातच आहे. माय म्हणे, ते तुला दिले जाते. हा म्हणत होता, 'तू' आणि 'ते' हे दोन्ही घडत आलेले आहे.

मी भरडतो त्या धानातही हाच प्रश्न आहे. आमच्याच जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे, शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. 1983 मध्ये पटेल-3 च्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षामागून वर्षे निवडत राहिले, आणि त्यातून एचएमटी धान आले. आज एचएमटीचे पोते फोडले की बारीक दाण्याचा जो झोत चाळणीवर पडतो, तो पटेल-3 मध्ये आधीच होता का? बाबा म्हणाले असते, होताच. माय म्हणाली असती, दादाजींची नजर तिथे पडली नसती तर तो सगळा दाणा इतर धानाबरोबर भरडला गेला असता. कमानीवाला म्हणेल, बी, बांधी, पाणी, नजर, चिकाटी, सगळे एकत्र आले तेव्हा एचएमटी झाले. त्याआधी एचएमटी नावाचे काहीच नव्हते. विचार करताना मला तिघांचीही उत्तरे पुरी पडतात. काम करताना मात्र मी मायकडे झुकतो. दहाव्याला आपण दहावा आहोत हे कळेपर्यंत तो खरोखर रडत होता, आणि त्याचे रडणे ज्याने थांबवले तो माणूस मला गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोष्टीत त्याला नाव नाही. तो पुढे कुठे गेला हेही कुणी सांगत नाही.

संध्याकाळी कमानी चढल्या. तुटलेल्या पाट्याच्या जागी त्याच मापाचा नवा, पाट्यांची संख्या होती तेवढीच, नवे यू-बोल्ट, नवे बुश. पुढच्या कमानीही त्याने त्याच आगीतून काढल्या. डावीकडे मागे सव्वादोन इंच वर आली, उजवीकडे दीड, पुढे इंचभर. नऊ हजार आणि काही रुपये झाले. पाचशे किलोमीटर ओझ्यानिशी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या म्हणाला. गाडी बाहेर काढताना त्याने खाली वाकून मागच्या एक्सलच्या मधल्या गोळ्यावर, डिफरन्शियलवर, हात थोपटला. "हा होता तिथंच हाय. कमान कितीबी उचला, गोळा नाही उचलत. तो चाकाच्या धुऱ्याशी बांधलेला. टायर मोठा कराल तरच वर येईल, तोबी वाढीच्या अर्धाच. वरंब्यावर जपा."

मी ऐकले, आणि पहिल्याच खेपेत विसरलो. स्टेपनी आता काठाला लागत नाही या आनंदात मी माघातल्याच त्या नाल्यात यंत्र घरी ठेवून, रिकाम्या गाडीने, वाट बघायला म्हणून उतरलो. पलीकडच्या चढावर डावे चाक चरीत गेले, गोळा वरंब्यावर टेकला, उजवे चाक अधांतरी. दोन चाकांच्या गाडीत अशा वेळी ज्या चाकाला पकड नाही ते गरगर फिरते, आणि ज्याला जमीन आहे ते गप्प उभे राहते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि अधांतरी चाकाला फिरायला जोर लागतच नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळतो. मी इंजिन जितके ओरडवले तितके ते चाक हवेत फिरले. चूक माझीच होती. हौदा रिकामा, मागे वजन नाही, तर चाक जमीन धरणार कशाने? ज्या ओझ्याने कमान बसवली होती, त्याच ओझ्याच्या भरवशावर ही गाडी इतकी वर्षे चिखलातून निघत होती.

टोल्यावरून सात-आठ माणसे आली. जोहार झाला. कुणी मला काही शिकवले नाही, विचारलेही नाही. दोघांनी कुदळीने वरंबा फोडून गोळ्याखालची माती मोकळी केली. एक पोरगा बांबूचा जुना तट्टा घेऊन आला, तो चाकाखाली दिला. चार माणसे हौद्यात मागच्या टोकाला उभी राहिली, वजन म्हणून. मी क्लच हळू सोडला. तट्टा करकरला, चाकाने धरले, गाडी वर आली. पुढच्या आठवड्यात यंत्र घेऊन गेलो तेव्हा तोच नाला मी ओझ्यानिशी पार केला आणि दिवे लागणीपर्यंत भरडाई चालली. तट्ट्याची भरपाई द्यायला गेलो तर पोराच्या आईने पैसे घेतले नाहीत. तिच्या धानाची भरडाई मी तेवढी घेतली नाही.

फाल्गुनात मायला रिद्धपूरला जायचे होते. बसचा प्रवास तिला आता झेपत नाही, म्हणून यंत्र उतरवून पिकअपच काढली. ती काठी टेकत गाडीपाशी आली, नेहमीप्रमाणे पाय उचलला, आणि तो पायरीपर्यंत पोचेना. आधीच उंच पायरी, तीही इंचभर वर गेलेली. ऐंशीच्या गुडघ्यांना तो इंचही पुष्कळ. तिने पाय खाली घेतला आणि गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"हेच उंची होती का तिची?" तिने विचारले.

"हो. नवी होती तेव्हा एवढीच."

"तवा मी चढली असती," ती म्हणाली. आणि मग हसली, अगदी बाबांशी वाद घालताना हसायची तशी.

मी घरात जाऊन जेवायचा लाकडी पाट आणला आणि पायरीखाली ठेवला. तिने एक पाय पाटावर दिला, एक हात दाराच्या कडीला, दुसरा माझ्या खांद्यावर. भार टाकताना तिचा हात चांगलाच जड लागला. सीटवर बसून तिने पदर सारखा केला. मी पाट उचलून सीटच्या मागे ठेवून दिला, उतरतानाही लागणार होता.